सैतानी झेड: सहाशे हॉर्सपॉवर खरी, पण सैतान इंजिनात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'वांगान मिडनाइट' या गाजलेल्या जपानी चित्रमालिकेत गडद निळ्या रंगाची जुनी निस्सान फेअरलेडी झेड आहे. तिचं एल-२८ इंजिन वाढवून ३.१ लिटर केलेलं, त्यावर दोन टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे पंखे), ताकद ६०० हॉर्सपॉवर. टोकियोच्या किनाऱ्यालगतच्या वांगान मार्गावर ती ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाते आणि आपल्याच मालकांवर उलटते, म्हणून तिला सैतानी झेड म्हणतात. यात खरं किती? एवढ्या जुन्या इंजिनातून एवढी ताकद निघते का? आणि आज तशी गाडी बांधायची तर सुरुवात कुठून करायची?

इंजिनाबद्दल त्या चित्रमालिकेने फारसं वाढवून सांगितलेलं नाही. ३.१ लिटरच्या टर्बो एल-इंजिनातून ६०० हॉर्सपॉवर निघते. ३०० चा वेगही हिशेबात बसतो, तो हिशेब पुढे मांडतो. गाडी मालकावर उलटते, हा दंतकथेचा भाग मात्र बहुतेक लोक गोष्टीपुरता समजून सोडून देतात. मला उलट त्याच भागात सगळ्यात जास्त तथ्य दिसतं. १९६९ साली बाजारात आलेली हलकी बॉडी, तिच्या नाकात शिरणारी हवा आणि सहा सिलिंडरांच्या लांब क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, कंपन, या तीन गोष्टी नीट समजून घेतल्या की त्या गाडीला सैतानी नाव का पडलं असेल ते कळतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासण्यापासून कामाला सुरुवात झाली आणि आता बरीच वर्षं मेलबर्नमध्ये जुनी सहा-सिलिंडर इंजिनं बांधतो. ऑस्ट्रेलियात ही गाडी उजव्या स्टिअरिंगची आली, त्यामुळे जपानी पद्धतीचं काम इथे जसंच्या तसं करता येतं. त्याचा फायदा काय, ते टर्बोच्या वेळी सांगेन.

आधी मूळ गाडी. कारखान्याच्या भाषेत तिचा सांकेतिक क्रमांक एस-३०. १९६९ च्या अखेरीस ती जपानमध्ये फेअरलेडी झेड आणि अमेरिकेत डॅटसन २४०झेड या नावाने आली. आखणी योशिहिको मात्सुओ यांच्या गटाची, आणि अमेरिकेत ती याच रूपात यावी म्हणून झटले ते तिथल्या निस्सानचे प्रमुख युताका काटायामा. अमेरिकेत तिची किंमत होती ३,५२६ डॉलर. त्या पैशात सहा सिलिंडर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग दुसरं कोणी देत नव्हतं. २४०झेडचं वजन १,०५० किलोच्या आसपास, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,३०५ मिलिमीटर. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा.

जपानमध्ये हिचा एक वेगळा, उंची प्रकारही होता: झेड४३२. प्रत्येक सिलिंडरला ४ वाल्व, ३ कार्ब्युरेटर आणि २ कॅमशाफ्ट, असा तो ४३२. त्यात एस-२० नावाचं १,९८९ सीसीचं १६० हॉर्सपॉवरचं इंजिन, जे पहिल्या स्कायलाइन जीटी-आरमध्येही होतं. आज संग्राहक त्याच्यामागे धावतात आणि ते इंजिन खरोखर देखणं आहे. पण दंतकथा त्याच्याभोवती उभी राहिली नाही. ती उभी राहिली साध्या, बिडाच्या, एकच कॅमशाफ्ट असलेल्या एल-इंजिनाभोवती. सेडान गाड्यांत टॅक्सीसारखी वर्षानुवर्षं राबलेली ही इंजिनं भंगारात सहज मिळायची. एस-२० वर प्रयोग करायला छाती लागायची. एल-२८ फुटलं तर दुसरं आणता यायचं, आणि जपानी ट्यूनरांची एक पिढी या इंजिनाची मोडतोड करतच हात बसवून तयार झाली.

आता एल-ब्लॉककडे बघू. सहा सिलिंडर एका ओळीत, सात मेन बेअरिंग, फोर्ज केलेला पोलादी क्रँक, बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड. २४०झेडमधल्या एल-२४ चं बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ७३.७ मिलिमीटर. नंतर आलेल्या एल-२८ चं बोअर ८६, स्ट्रोक ७९, म्हणजे २,७५३ सीसी. दर दोन सिलिंडरांच्या मध्ये क्रँकला आधार असल्यामुळे हा तळभाग मूळ ताकदीच्या कितीतरी पट भार सोसतो. सफारी रॅलीत हे आधीच सिद्ध झालं होतं. पूर्व आफ्रिकेच्या धुळीत आणि चिखलात २४०झेडने १९७१ साली एडगर हेरमनच्या हाती आणि १९७३ साली शेखर मेहताच्या हाती ती रॅली जिंकली. मेहता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा. १९७३ ला त्याचे आणि डॅटसनच्याच दुसऱ्या गाडीतल्या हॅरी केलस्ट्रॉमचे दंडगुण सारखे झाले होते आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमावर मेहता जिंकला. पुढे त्याने आणखी चार वेळा सफारी जिंकली, तो भाग इथे नको. मुद्दा एवढाच, की हजारो किलोमीटर खडखडत जाऊनही या इंजिनाचा खालचा भाग दगा देत नव्हता.

३.१ लिटर येतं कुठून? निस्सानने याच घराण्यातलं एलडी-२८ नावाचं डिझेल इंजिन सेडान गाड्यांसाठी काढलं. त्याच्या क्रँकचा स्ट्रोक ८३ मिलिमीटर, आणि तो क्रँक पेट्रोलच्या एल-ब्लॉकमध्ये बसवता येतो. बोअर ८६ चं ८९ केलं की हिशेब होतो ३,०९८ सीसी. सगळी जादू एवढीच. अमेरिकेतल्या मंडळींनी त्यात आपली भर घातली: डिझेलचा क्रँक, २४०झेडचे १३३ मिलिमीटरचे कनेक्टिंग रॉड आणि निस्सानच्याच केए-२४ इंजिनाचे पिस्टन, कारण त्यांचं बोअर मुळात ८९ आहे. जपानमध्ये एल-१४ चे लांब रॉड वापरण्याची रीत पडली. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर मिनिटाला ७,००० फेऱ्यांना सेकंदाला १९.४ मीटर येतो. चांगल्या पिस्टनला हे काहीच नाही.

अडचण ८९ च्या बोअरमध्ये आहे. बिडाची भिंत कागदावर पुरेशी जाड दिसते, पण ओतकामात गाभा किंचित सरकला तर एका बाजूला भिंत जाड आणि समोरच्या बाजूला पातळ होते. हे ब्लॉक चाळीस-पन्नास वर्षं पाण्यात राहिलेले आहेत, आतून गंजानेही खाल्लेले असतात. म्हणून बोअरिंग मशीनवर ब्लॉक चढवण्याआधी अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, चारही बाजूंनी तपासायचा. टर्बोसाठी बांधायचं असेल आणि ज्या बाजूला पिस्टनचा रेटा येतो ती बाजू पातळ निघाली, तर तो ब्लॉक बाजूला ठेवायचा. मन कितीही गुंतलं असलं तरी. बिड वाकून इशारा देत नाही, सरळ तडकतं.

टर्बो या इंजिनाला नवा नाही. १९७९ च्या सेड्रिकमध्ये निस्सानने एल-२० ला टर्बो लावला आणि जपानमधली ती पहिली टर्बो पेट्रोल सेडान ठरली. अमेरिकेसाठी १९८१ साली २८०झेडएक्स टर्बो आली, १८० हॉर्सपॉवरची. तिचा एफ-५४ ब्लॉक आणि पी-९० हेड आजही टर्बो बांधणाऱ्यांची पहिली पसंती आहे. कारखान्याने टर्बोच्या हवेचा दाब अगदी जपून ठेवला होता. ट्यूनरांनी तो दीड बारच्या आगेमागे नेला, आणि त्या काळी संगणकीय इंधनपुरवठा सहज हाताशी नसल्यामुळे कितीतरी इंजिनांत दाबाची हवा सरळ सोलेक्स किंवा वेबर कार्ब्युरेटरांतून ढकलली. याला ब्लो-थ्रू म्हणतात. कार्ब्युरेटरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा इंधनाचा दाब सतत वर राहिला पाहिजे. पंपाने क्षणभर दम सोडला की मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणावर दीड बारचा दाब पडला की पिस्टनला भोक पडायला एक दीर्घ सरळ रस्ता पुरतो. पूर्ण दाबाखाली निघालेली जुनी टर्बो-कार्ब्युरेटर गाडी आज चांगली आणि उद्या अचानक मेलेली असायची, त्याचं मुख्य कारण हे.

एल-इंजिनाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे हवा आत घेणं आणि धूर बाहेर सोडणं दोन्ही एकाच बाजूने, डाव्या. कार्ब्युरेटर वर, त्यांच्या खालीच तापून लाल होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि तिथेच टर्बो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत या गर्दीत स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडरही येतो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती बाजू मोकळी राहते. दोन टर्बो आणि त्यांची नळी व्यवस्थित बसवलेले एस-३० जपानमध्ये आणि ऑस्ट्रेलियात दिसतात, त्यामागे ही साधी जागेची सोय आहे. ओकायामाच्या ओएस गिकेन कंपनीने या एकाच बाजूच्या अडचणीवर मुळातूनच उपाय काढला: एल-ब्लॉकवर बसणारं दोन कॅम आणि २४ वाल्वचं हेड, टीसी-२४. मूळ काळात त्याचे मोजकेच संच बाहेर पडले, आणि कंपनीने ते या शतकात पुन्हा काढलं. ते बघितलं की या जुन्या ब्लॉकवर लोकांचा किती विश्वास होता ते कळतं.

पाण्याची वाट हा तिसरा मुद्दा. पंप पुढे, थर्मोस्टॅटही पुढेच. मागचे ५ आणि ६ नंबरचे सिलिंडर नेहमी जास्त तापतात. साध्या गाडीत हे चालून जातं. टर्बोवर सहा नंबरचा पिस्टन आधी जळतो किंवा तिथे हेड गॅस्केट फुंकलं जातं. हेडच्या मागच्या टोकातून पाणी काढून पुढे आणणारी वेगळी नळी टाकणं हा स्वस्तातला आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. माझ्याकडे उघडायला आलेल्या फुटक्या टर्बो एल-इंजिनांत सहा नंबरचाच सिलिंडर मी पहिला बघतो.

आणि क्रँकचं कंपन. सहा सिलिंडरांचा क्रँक लांब असतो, प्रत्येक स्फोटाने तो पिळला जातो आणि परत सुटतो. ठराविक फेऱ्यांवर हे पिळणं आणि त्याचा नैसर्गिक ठेका जुळतात, तेव्हा कंपन एकदम वाढतं. कॅलिफोर्नियातल्या पीट ब्रॉक यांच्या बीआरई या शर्यतीच्या टीमने २४०झेडवर १९७० आणि १९७१ ही अमेरिकन सी-प्रॉडक्शन अजिंक्यपदं जॉन मॉर्टन यांच्या हाती मिळवली, पण सुरुवातीला याच कंपनाने त्यांचे हाल केले. निस्सानला काउंटरवेट बदललेला क्रँक द्यावा लागला. ८३ स्ट्रोकच्या क्रँकवर ६०० हॉर्सपॉवर टाकताना हेच दुखणं पुन्हा वर येतं. पुढच्या पुलीतला कंपन शोषणारा डॅम्पर जुना असेल, त्यातलं रबर कडक झालं असेल, तर फ्लायव्हीलचे बोल्ट सैल होणं किंवा ऑइल पंपाची चाल तुटणं हे ठरलेलं. तेलाचा दाब गेला की बेअरिंग पकडतं आणि मागची चाके एका क्षणात जाम होतात. ताशी २५० च्या वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीची मागची चाके जाम झाली तर गाडी मालकावर उलटली असंच कोणीही म्हणेल.

पण सगळ्यात मोठं कारण याहून वेगळं आहे: हवा.

हिशेब मांडतो. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३.३ मीटर. एस-३० चं समोरून दिसणारं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. हवेच्या विरोधाचा गुणांक १९७१ साली जपानमध्ये आलेल्या २४०झेडजीसाठी निस्सानने ०.३९ सांगितला होता. त्या गाडीला लांब, झाकलेलं नाक आणि रुंद फेंडर होते. साध्या नाकाच्या गाडीचा गुणांक याहून बराच वर जातो, म्हणून ०.४६ धरू. हवेला छेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. लांब नाकाच्या गाडीला ३०० वर फक्त हवेसाठी ३२० च्या आसपास हॉर्सपॉवर लागते. त्यात टायरचा रोध आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये जाणारा भाग मिळवला की इंजिनावर सव्वाचारशेच्या आसपास. साध्या नाकाने हाच आकडा पावणेपाचशेच्या पुढे जातो. म्हणजे ६०० हॉर्सपॉवर असलेली गाडी ३०० ओलांडते, आणि ताकद शिल्लकही राहते. २५० वरून ३०० वर जायला पावणेदोन पट ताकद लागते, हेही ध्यानात घ्या. २५० ची गाडी आणि ३०० ची गाडी यांच्यात नुसत्या पन्नास किलोमीटरचा फरक नाही.

गिअरही जुळतात. साधारण ६३ सेंटिमीटर व्यासाचं टायर, डिफरन्शियल ३.५४५ आणि पाचवा गिअर ०.७४५ धरला तर ३०० वर इंजिन ६,७०० फेऱ्यांच्या आसपास येतं. नेमकं तिथेच ३.१ ला ताकद मिळते. १९८० च्या दशकात इबाराकीतल्या यताबेच्या साडेपाच किलोमीटरच्या अंडाकृती चाचणी ट्रॅकवर जपानी ट्यूनर ३०० च्या आकड्यामागे लागले होते, ते उगाच नव्हे. कागदावर हा आकडा दिसत होता. पुढे १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून नव्या गाड्यांची ताकद २८० हॉर्सपॉवरवर थांबवली, आणि वेग १८० वर बांधलेलाच होता. कारखाना जिथे थांबला तिथून ट्यूनरांची दंतकथा सुरू झाली.

आता उचल बघा. एस-३० चं नाक उभं आणि जाळी मोठी. जाळीतून शिरलेली हवा रेडिएटरला वळसा घालून बॉनेटखाली कोंडते आणि गाडीचं नाक वर ढकलते. पुढच्या धुरीवरच्या उचलीचा गुणांक ०.२ धरला, तर ३०० च्या वेगाला पुढच्या चाकांवरून दीडशे किलोच्या आसपास वजन कमी होतं. अकराशे किलोच्या गाडीत पुढच्या चाकांवर जेमतेम साडेपाचशे किलो असतात. त्यातला चौथ्या भागाहून जास्त भार हवेत गेला की स्टिअरिंग हलकं पडतं. मागच्या उतरत्या छपरावरूनही उचल येतेच, वर चाकांमधलं अंतर २,३०५ मिलिमीटर, म्हणजे आजच्या छोट्या शहरी गाड्यांइतकंच. अशा वेळी उड्डाणपुलाच्या सांध्यावरून गाडी गेली की पुढची चाकं क्षणभर सुटतात, गाडी बाजूला सरकते, चालक सावरतो, आणि त्याच क्षणी टर्बोचा जोर उशिरा येऊन मागच्या चाकांवर आदळतो. जुन्या मोठ्या टर्बोचा हा उशीर सेकंदाच्या हिशेबात मोजता येण्याएवढा असायचा. चालकाने पाय उचलला तरी दाब लगेच जात नाही. पाय दाबला तरी लगेच येत नाही. चालकाला वाटतं गाडी आपल्या मनाने वागतेय. सैतानी झेडच्या दंतकथेचं मूळ मला या क्षणात दिसतं, आणि ते गोष्ट लिहिणाऱ्याने फार बारकाईने पकडलं होतं असं मी मानतो.

बीआरईवाल्यांनी पुढे लावलेला स्पूक नावाचा एअर डॅम (नाकाखाली हवा अडवणारी पट्टी) आणि मागचा स्पॉयलर या उचलीवरच काम करत होते. आजही तोच क्रम बरोबर आहे: जाळी आणि रेडिएटर यांच्यातल्या फटी बंद करायच्या, तापलेली हवा बॉनेटमधून किंवा फेंडरमागून बाहेर काढायची, पुढे खाली डॅम लावायचा, आणि मग मागे स्पॉयलर. फक्त मागे मोठा पंख लावला तर नाक आणखी हलकं होतं. दिसायला तो पंख जबरदस्त दिसतो, म्हणून लोक आधी तोच लावतात.

बॉडीबद्दल थोडक्यात. ३.१ टर्बोचा टॉर्क ७,००० फेऱ्यांना ६०० न्यूटन-मीटरच्या घरात जातो, मूळ एल-२४ च्या तिप्पट. ही पत्र्याची बॉडी त्या जोराने पिळते, दार उघड-बंद होताना ते जाणवतं. स्ट्रटच्या मनोऱ्यांना जोडणारी पट्टी पुरत नाही. सस्पेन्शनच्या जागांना जोडणारा रोल-केज, म्हणजे नळ्यांचा पिंजरा, लागतो, आणि सांध्यांवर जास्तीचं वेल्डिंग. २४०झेडचे मागचे स्टब अॅक्सल रुंद, चिकट टायरांवर तुटतात, २८०झेडचे जाड असतात. मूळ पाच-गिअरचा बॉक्स या टॉर्कला टिकत नाही. ब्रेकला टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर बसवण्याची जुनी आणि चांगली रीत आहे, पण ३०० वरून थांबायचं असेल तर तेही कमी पडतात.

तर तुमचा तिसरा प्रश्न, सुरुवात कुठून? माझं स्पष्ट मत असं की ६०० चा आकडा आधी सोडा. एल-२८, संगणकीय इंधन आणि इग्निशन, एक मध्यम आकाराचा आधुनिक टर्बो, चांगला इंटरकूलर, आणि ३५० च्या आसपास हॉर्सपॉवर. अकराशे किलोच्या गाडीत हे इतकं आहे की पहिली काही वर्षं तुम्हाला याच्यापलीकडे काही मागावंसं वाटणार नाही. बोअर ८६ च राहू दिलं तर भिंती जाड राहतात, गॅस्केट टिकतं, आणि ब्लॉकला पुढच्या बांधणीसाठी आयुष्य उरतं. ३.१ ची मला मनापासून ओढ आहे, त्याचा आवाज आणि मधल्या फेऱ्यांची ओढ दुसऱ्या कशातच नाही. पण टर्बोशिवाय, तीन सोलेक्सवर बांधलेलं ३.१ हे या इंजिनाचं सर्वात सुंदर रूप आहे असं मी म्हणेन. टोकियोच्या कामेआरी एंजिन वर्क्ससारख्या कंपन्या एल-इंजिनाचे भाग आजही बनवतात, त्यामुळे ते करता येतं.

गाडी निवडताना पूर्णपणे मूळ स्थितीतली, सर्व क्रमांक जुळणारी २४०झेड कापू नका. २०२० च्या जानेवारीत अशी १९७१ ची एक गाडी अमेरिकेत लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली, आणि अशा गाड्या आता परत तयार होणार नाहीत. आधीच कोणीतरी बदल केलेली, इंजिन नसलेली गाडी शोधा. गंज तपासताना बॅटरीच्या ट्रेखाली, पायाखालच्या पत्र्यात, त्याखालच्या लांब रेल्समध्ये, दारामागच्या खालच्या कोपऱ्यांत आणि मागच्या दाराच्या कडेला बघा. रेल्स सडलेल्या असतील तर इंजिनावर एक रुपयाही घालण्याआधी बॉडीचं काम धरा.

भारतात हे करायचा विचार असेल तर एक अडसर आधीच सांगतो. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे, आणि तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. म्हणजे अशी गाडी पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर आणता येणार नाही. इंजिन बांधून ते स्टँडवर चालवायचं, किंवा ट्रॅकपुरती गाडी ठेवायची, हा मार्ग उरतो. आणि ३०० चा वेग कुठल्याच देशातल्या सार्वजनिक रस्त्यावर नको. वर सांगितलेली उचल पुढचा ट्रकवाला ओळखत नाही.

तुम्हाला ब्लॉक मिळाला की दोन गोष्टी करा. बाहेरच्या बाजूला ओतलेला क्रमांक बघा, एन-४२ आहे की एफ-५४. मग सहाही सिलिंडरांची भिंतीची जाडी, प्रत्येकी वर, मध्ये आणि खाली, पुढची-मागची-डावी-उजवी बाजू, अशी कागदावर लिहून पाठवा. ती मापं हातात आली की बोअर ८६ ठेवायचं, ८७ करायचं की ८९ पर्यंत जाण्याची जोखीम घ्यायची, आणि त्यावर किती दाब सोसेल, हे मला नेमकं सांगता येईल. तोवर पिस्टन विकत घेऊ नका.